ज्या ताशावाचून ताजिया उठेना

मित्रांनो, मी एक जुना ताशा आहे. जन्म त्रिनिदाद बेटावरचा, जिथे उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं राहतात. अंग मातीचं, हिंदू कुंभाराच्या चाकावर घडलेलं. कातडं बोकडाचं, मुसलमान खाटकानं दिलेलं. ते ताणून बांधणारा जोसेफ दर रविवारी न चुकता चर्चमध्ये जायचा. बोकडाचा धर्म कोणता, हे मात्र कुणी विचारून ठेवलं नाही.

माझा मालक सुखदेव हा त्याच बेटावरच्या सेड्रोस गावचा मासेमार. त्याची मुलगी लहानपणी तापानं फणफणली, तेव्हा त्यानं शेजारच्या खैरुनचाचीच्या अंगणातल्या ताजियापुढे, म्हणजे मोहरमच्या ताबुतापुढे, नवस केला : पोर वाचली, तर हात चालतील तोवर दर मोहरमला ताशा वाजवीन. पोर वाचली. पुढे तिच्या लग्नात मीच वाजलो, जोसेफच्या नातवाच्या बाप्तिस्म्यालाही मीच. वाजवण्याआधी मला शेकोटीवर शेकत, की आवाज खणखणीत लागे. "सुखदेवचा ताशा बोलतो!" असं लोक म्हणत. मला ते पटत असे.

एरवी माझा मुक्काम खुराड्यावर. एक कोंबडी माझ्यावरच झोपायची. तिला संगीताची जाण नव्हती.

एका मोहरमला गावात नवे इमाम आले. ते म्हणाले, "ताजियापुढे हिंदूचा ताशा नको." त्याच आठवड्यात पंडितजी म्हणाले, "हिंदूनं ताजियापुढे वाजवू नये." इमाम आणि पंडित यांचं एकमत गावानं प्रथमच पाहिलं, आणि तेही माझ्याविरुद्ध! सुखदेव दोघांचा मान राखणारा. त्यानं मला गोणपाटात गुंडाळलं. चाळीस वर्षांचा नवस मोडणार होता.

मिरवणुकीच्या दुपारी खांदेकरी ताजियापाशी उभे राहिले. खैरुनचाची मात्र ओट्यावरून हलेना, आणि तिनं सांगितल्याशिवाय ताजिया उठत नसे.

"सुखदेव कुठाय?"

इमाम म्हणाले, "चाची, आपली माणसं वाजवतील."

"मग सुखदेव काय परका? बरं, तुम्हीच वाजवा. येतं का?"

इमाम दाढी कुरवाळू लागले. बघायला आलेले पंडितजी हळूच मागे सरकले.

"पंडितजी, थांबा! तुमच्या लग्नात हाच ताशा होता ना? वाजवायला माझा नवरा होता. मग ते लग्न धरायचं की नाही?"

गर्दीतून पंडितीणबाई ओरडल्या, "सांगा हो, मलाही कळू दे एकदा!"

सगळं अंगण हसलं. आधी इमाम हसले, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो. जोसेफ धावत जाऊन सुखदेवला आणि मला घेऊन आला. शेकोटीत इमामांनी नारळाची सोडणं टाकली. पंडितजी खाली वाकून फुंकर घालू लागले. धुरानं दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं. सुखदेवच्या डोळ्यांतलं पाणी धुराचं नव्हतं. त्यानं मला गळ्यात अडकवलं, पहिला ठोका दिला आणि ताजिया उठला.

आता माझी कड तडकली आहे, आवाजही बसला आहे. मित्रांनो, तुमच्याकडे असा एखादा ताशा अडगळीत असेल, तर त्याला ओल लागू देऊ नका. शेकताना दोन-चार वेगळ्या घरची माणसं बोलवा, आवाज चांगला लागतो.

आणि कोंबडीला जरा लांब ठेवा.