रतनसिंगचं काळीज

रुपाबाईच्या भावाचं काळीज तीन वर्षांपूर्वी नासलं, तेव्हापासून भाऊ तिच्या दारात आला नव्हता.

हे ऐकून कोणी हळहळायचं कारण नाही. काळीज बोकडाचं होतं. तांड्यात मरीमायला बोकड पडला की घरोघर वाटे जात. हेमसिंगच्या घराण्यात त्यावर आणखी एक नेम होता. पूजा आपल्या घरची असली की काळजाचा वाटा घरधनिणीच्या भावाचा. तो दुसऱ्या कोणी खायचा नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. हेमसिंगची बायको रुपाबाई, आणि तिला भाऊ एकच, रतनसिंग. तो रिसोडच्या पलीकडच्या तांड्यात राहायचा आणि रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायचा.

मागच्या पूजेच्या वेळी तो कामावर अडकला आणि महिन्यानं उगवला. आषाढातलं काळीज महिनाभर कसं राहणार? चौथ्या दिवशी त्याचा वास बैलांनासुद्धा सोसेना, तेव्हा हेमसिंगनं ते उकिरड्यावर टाकलं. रतनसिंगनं आल्या आल्या वाट्याची चौकशी केली. रुपाबाईनं खरं ते सांगून टाकलं. खरं सांगायची तिला खोडच होती.

"म्हंजे कुत्र्यायनं खाल्ला," रतनसिंग म्हणाला. "बरं झालं. या घरात माही काय किंमत हाय थे समजलं."

पुढ्यातल्या पाण्याच्या तांब्याला हात न लावता तो उठला आणि गेला. त्यानंतर तो होळीला आला नाही, दिवाळीला आला नाही, भाचीच्या लग्नालाही आला नाही. लग्नात मामाच्या जागी शेजारचा रामसिंग उभा राहिला. रुपाबाई दिवसभर पाहुण्यांची उठबस करत होती, पण त्या जागेकडे काही तिनं पाहिलं नाही.

देशातल्या दुसऱ्या निवडणुकीच्या साली पुन्हा पूजा आली. नवस दर तिसऱ्या वर्षाचा होता, टाळता येण्यासारखा नव्हता. रतनसिंग या वेळीही कामावर होता. तो कधी येईल, मुळात येईल की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण चुकून आलाच आणि वाटा पुन्हा नासलेला निघाला, तर तो कायमचा तुटेल, हे रुपाबाईला पक्कं ठाऊक होतं. यंदा काळीज टिकवायचं, असं तिनं ठरवलं.

मांस धुरावर सुकवणं तांड्याला नवं नव्हतं. चुलीवर तार बांधायची, मीठ-हळद लावलेल्या पट्ट्या तिच्यावर टांगायच्या आणि रोजचा स्वयंपाक करत राहायचं. उन्हाळ्यात एवढ्यानं भागतं. आषाढात चूल दोन वेळा पेटते आणि बाकीचा वेळ ओल आपलं काम करते. दिवसभर धूर कोंडून धरील अशी जागा हवी होती. हेमसिंगनं एकदा रस्त्याच्या कामावर एक तेलंगी आचारी पाहिला होता. तो पिंपात मासे टांगायचा आणि खाली धूर करायचा. हेमसिंग दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यातली दोन त्यानं या आचाऱ्यावर खर्च केली.

पिंप मिळायला वेळ लागला नाही. जवळच्या रस्त्याच्या कामावरच्या मुकादमानं डांबराचं रिकामं पिंप देऊन टाकलं. रुपाबाईनं ते आतून जाळलं, राखेनं घासलं, चुन्यानं धुतलं. पहिल्याच झटक्यात भावाचा वाटा पणाला लावण्याइतकी ती भोळी नव्हती. तिनं आधी वांगी टांगली. अर्ध्या दिवसानं काढून नवऱ्याला वाढली. हेमसिंग बराच वेळ चावत राहिला.

"कसे लागतेत?"

"कारंज्याच्या सडकीवानी," हेमसिंग म्हणाला. पण वांगी त्यानं संपवली.

पिंप अंगणाबाहेर गेलं. मग जुना रांजण आला. त्याचं बूड फोडून तो उलटा ठेवला आणि खाली विस्तव केला. दुसऱ्या दिवशी रांजणानं जोरात आवाज केला आणि त्याचे दोन रांजण झाले. पूजेला आठ दिवस राहिले होते. रुपाबाई मंगरूळपीरच्या बाजारात गोपीचंदकडे गेली. गोपीचंद पत्र्याचं काम करायचा.

"मले उभा डबा पायजे," ती म्हणाली. "खाली विस्तवाले दार, वर झाकन, अन् मंधात आडव्या सळ्या."

"कायले?"

"भावाचं काळीज टांगाचं हाय."

गोपीचंदचा हातोडा थांबला. त्यानं रुपाबाईकडे नीट पाहिलं. बाई तर शांत दिसत होती.

"भाऊ कुठी हाय?" त्यानं जपून विचारलं.

"रिसोडकडं."

"अन् काळीज?"

"थे अजून बोकडात हाय. पूजा शुक्रवारी हाय."

गोपीचंदनं हातोडा पुन्हा उचलला. त्यानं रॉकेलचे डबे पुढे केले. रुपाबाईनं एकात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग गोड्या तेलाचे डबे निघाले. तिनं एकेका डब्यात डोकं घालून श्वास ओढला, आणि दुकानात आलेली गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत राहिली. सातव्या आणि नवव्या डब्याला काहीच वास नव्हता. गोपीचंदनं दोन्ही एकावर एक बसवले. खालच्या डब्याला कथलाची झाळ लावली तर विस्तवानं सुटेल, म्हणून पत्रा दुमडून ठोकला. झाकणाला मोजून पाच भोकं पाडली.

लाकडाचा विचार तिनं वाटेतच करून ठेवला होता. कडुनिंबाच्या धुरानं मांस कडू होतं, बाभूळ भडकते आणि गोवरीच्या धुराला गोठ्याचा वास येतो. तिनं बोरीच्या ढलप्या काढल्या आणि पाण्यात भिजत घातल्या.

शुक्रवारी बोकड पडला. काळजाच्या बोटभर जाडीच्या पट्ट्या झाल्या. मीठ चोळताना रुपाबाईला भावाचं जाताना पाठमोरं होणं आठवलं, आणि तिनं आणखी एक मूठ चोळली. मग तीन दिवस ती गोठ्याच्या छपराखाली डब्यासमोर बसून राहिली. जाळ दिसला की पाण्याचा हबका मारायचा, धूर मंदावला की फुंकायचं. जाळानं मांस भाजतं आणि भाजलेलं मांस फार दिवस राहत नाही. धुराला घाई चालत नाही. तिचे डोळे लाल झाले. अख्खा तांडा येऊन डबा बघून गेला.

"काय गं रुपा, शिजला का भाऊ?" शेजारची भुरीबाई विचारून गेली.

"शिजवत नाई. टिकवून राह्यली."

चौथ्या दिवशी पट्ट्या काळ्याकुट्ट आणि कडक झाल्या. नासका वास नावालाही नव्हता. रुपाबाईनं विस्तव काढून टाकला, पट्ट्या तशाच टांगत्या ठेवून झाकण लावलं आणि पत्र लिहून घ्यायला गावातल्या शाळेत गेली.

भगवंतराव मास्तर नुकतेच बदलून आले होते. तांड्याचे वाटे, नेम, गोपीचंदचा डबा, यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांचा हात लिहिण्यात फार चांगला होता, आणि तेच नडलं.

"लिवा," रुपाबाई म्हणाली. "रतन, तुह्यं काळीज मी धुरावर धरलं हाय. काळं पडलं, पन नासलं नाई. मीठ बी चोळलं. पानी-पावसाचे दिवस हायेत, किती दिवस टिकन सांगता येत नाई. लवकर येजो."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. त्यांना भरून आलं होतं. तांड्यातली ही अडाणी बाई काय बोलून गेली, असं त्यांना वाटलं. भावना तिची होती, भाषा मात्र थोडी बसवायला हवी होती. त्यांनी कार्ड लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"प्रिय बंधू रतनसिंग यांस. आपल्या विरहाच्या धुराने आपल्या भगिनीचे काळीज काळवंडले आहे. जखमेवर दैवाने मीठ चोळले आहे. हा पावसाळा ती काढील असे वाटत नाही. अखेरच्या भेटीस त्वरित यावे."

रुपाबाईनं लक्ष देऊन ऐकलं. धूर आला, काळीज आलं, मीठ आलं, पावसाळाही आला. सामान सगळं होतं. बाकीचं शिकलेल्या माणसाचं लिहिणं, त्यात आपल्याला काय कळतं, म्हणून तिनं कार्ड टपालाच्या पेटीत टाकलं.

आठव्या दिवशी भर दुपारी ती अंगणात ज्वारी पाखडत होती. तांड्याच्या वाटेवरून रतनसिंग पळत येताना दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तिला सूप हातात घेऊन बसलेलं पाहताच तो जागीच थांबला.

"तू तं चांगली हायेस," तो म्हणाला. बोलणं तक्रारीसारखं निघालं.

"मले काय धाड भरली?"

रतनसिंगनं पागोट्यातून कार्ड काढलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपल्या मुकादमाकडून त्यानं ते चार वेळा वाचून घेतलं होतं. कार्डाकडे बघत त्यानं सगळं पाठ म्हणून दाखवलं. रुपाबाई ऐकत राहिली.

"अखेरच्या भेटीचं मी नाई सांगतलं," ती म्हणाली.

"मंग कोनाचं काळीज काळं पडलं?"

"तुह्यं. म्हंजे बोकडाचं. तुह्या वाट्याचं."

रतनसिंगचा चेहरा आधी सैल पडला, मग लाल झाला. "बाई, मी काम टाकून आलो. मोटार चिखलात फसली, तिथून पायी आलो. सारी वाट मरीमायले हात जोडत आलो. अन् इथं बोकडाचं काळीज?"

रुपाबाईनं घाईघाईनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वळला. तेच पाठमोरं होणं. एवढं करून तिनं भावाला बोलावलं होतं ते दुसऱ्यांदा घालवण्यासाठीच, असं तिला वाटलं.

हेमसिंग गोठ्यातून डबा उचलून घेऊन आला आणि त्यानं तो बरोबर मेव्हण्याच्या वाटेत ठेवला. झाकण काढलं.

"अकरा दिवस झाले," तो म्हणाला. "कोनी हात लावला नाई. मी बी नाई."

रतनसिंगनं आत वाकून पाहिलं. पट्ट्या एका ओळीत टांगलेल्या होत्या.

"इतकं कायले केलं?"

"इचार तुह्या बहिनीले," हेमसिंग म्हणाला. मग झाकण बाजूला ठेवून, "आंदी डांबराच्या पिंपात वांगे केले व्हते. थे मी खाल्ले."

रतनसिंग डब्यात वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. वर आला तेव्हा डोळे पुसत होता. डब्यातला विस्तव विझून आठ दिवस झाले होते, त्यामुळे धुराचं निमित्त त्याला सांगता येईना. तो गुमान खाली बसला.

रुपाबाईनं पट्ट्या पाण्यात उकळल्या, ठेचून लसूण-मिरचीत परतल्या आणि भाकरीबरोबर वाढल्या. रतनसिंगनं पहिला घास चावला. त्याला वेळ लागला.

"मीठ जास्त झालं," तो म्हणाला.

"टिकाले लागते," ती म्हणाली. तीन वर्षांत तिच्या रांधण्याला नाव ठेवणारं कोणी आलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती उगीचच चुलीशी जाऊन आली.

परत येताना तिचा पाय त्या कागदाच्या गुंडाळीला लागला.

"हे काय आनलं?"

रतनसिंग भाकरीकडे बघत राहिला. तिनं कागद सोडला. आत नवं कोरं लाल कापड होतं. तांड्यात भाऊ बहिणीला असं कापड दोनदा आणतो. एकदा तिच्या लेकराच्या लग्नात, आणि एकदा तिला शेवटचं पांघरायला. लग्न तर होऊन गेलं होतं.

हेमसिंगची त्या दिवशीची वाक्यं संपली होती. रुपाबाईनं कापडाची घडी मोडली, ते झटकलं आणि डोक्यावरून घेतलं. एक टोक खांद्यावर नीट बसवलं.

"हे मी आज पांघरते," ती म्हणाली. "त्या टायमाले दुसरं आनजो."

"आनीन," रतनसिंग म्हणाला. त्यानं पुढ्यातला तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मीठ खरंच जास्त झालं होतं.