शनिवारचा रिपोर्ट

शनिवारी सकाळचा चहा झाला की एल्फस माभेना डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजवायचा. म्हणजे, रिपोर्ट वाच.

मामोयो चष्मा पुसत लॅपटॉपसमोर बसायची. मोयोंची लेक, म्हणून लग्नानंतर लुवेवेची अख्खी वस्ती तिला मामोयो म्हणायची, शाळेतली पोरंसुद्धा. सगळी नोकरी तिने तिसरीच्या वर्गात काढलेली. पडद्यावर आकडा दिसायचा: पत्र उघडणारे, चौतीस टक्के. तिच्या वर्गात चौतीस टक्के मिळवणाऱ्या पोराच्या आईला शाळेत बोलावणं जायचं.

"एक्याण्णव," ती आवाजात काही न येऊ देता सांगायची. "शंभरात एक्याण्णव जणांनी वाचलं बघा, सिबोचे बाबा." नवऱ्याला ती लेकराच्या नावानेच हाक मारायची.

"येबो," एल्फस मान हलवून म्हणायचा. हो.

जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतर त्याच्याजवळ तीनच शब्द उरले होते. येबो, हात्शी म्हणजे नाही, आणि मामोयो. बाकीचे कुठे गेले ते डॉक्टरलाही सांगता येईना. "येतील हळूहळू," तो म्हणाला होता, आणि पुढच्या पेशंटकडे वळला होता.

ज्या माणसाला शब्द पुरायचे नाहीत त्याच्यावर ही वेळ यावी! रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर एल्फसने दर शुक्रवारी ई-मेलने एक पत्र पाठवायला सुरुवात केली होती. लुवेवेतून जोहान्सबर्गला, लंडनला, पर्थला पांगलेल्या लोकांना गावची खबर. कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, नळाला कुठल्या वारी पाणी येतं, चर्चच्या छपराचे पत्रे कोण रंगवतंय आणि किती वाईट रंगवतंय. पत्र इतकं चविष्ट असायचं की लोक ते आपल्या ऑफिसात वाचून एकटेच हसायचे. कुणी किती वाचलं याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर आपणहून द्यायचा, आणि एल्फस तो चहाबरोबर घ्यायचा. मामोयोने त्यात कधी डोकं घातलं नव्हतं.

झटक्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिने त्याला विचारलं होतं, "पत्र मी लिहू का? तुमच्याच नावाने? एखादा शुक्रवार चुकला तर लोक नाही नाही ते समजतील."

"येबो," तो म्हणाला होता. डोळे मात्र भिंतीकडे होते.

तेव्हापासून ती लिहीत होती. खाली नाव एल्फस माभेना. झटक्याबद्दल एक अक्षर नाही. आणि आकडा, तिच्या मते, नापासाचा. नवऱ्याचं इतक्या वर्षांचं काम आपण बुडवतोय, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून एक्याण्णव.

आकडा ऐकून झाला की एल्फस बोट पडद्याकडे करायचा. उत्तरं दाखव. ती एकेक नाव वाचायची. तो एकाच नावाची वाट बघायचा, आणि ते यायचं नाही. न्दाबेझिन्हले त्शुमा, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, विलायतेत लेस्टरच्या बस डेपोत कामाला. पत्र गेलं की पहिलं उत्तर त्याचं यायचं, तेही शिवी दिल्यासारखं. 'म्हाताऱ्या, अजून खोटंच लिहितोस.' जूनपासून त्याची एक ओळ नाही. नावं संपली की एल्फसचा हात मांडीवर पडायचा.

"कामात असतील हो ते," मामोयो म्हणायची. मनात मात्र तिची खात्री होती की न्दाबेने ओळखलंय. हे एल्फसचं लिखाण नाही, हे पहिल्याच ओळीत त्याच्या लक्षात आलं असणार, आणि बेचव पत्राला तो उत्तर देत नाहीये.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आकडा अठ्ठावीसवर आला. "ब्याण्णव," मामोयो म्हणाली आणि उठून सरळ परसात गेली. पालेभाजीच्या वाफ्यात बराच वेळ उभी राहिली. सोमवारी तिने लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत घातला, वरून कोबीचा गड्डा ठेवला, आणि शहरात सिखुलिलेकडे गेली.

सिखुलिले चर्चमधली, एका प्रवास कंपनीत नोकरीला. परदेशी पाहुण्यांना धबधब्याची आणि हत्तींची पत्रं पाठवायची हेच तिचं काम. तिने कोबी बाजूला केला आणि पडदा उघडला.

"अठ्ठावीस!" ती म्हणाली.

"हळू बोल गं," मामोयो म्हणाली. "माहीत आहे मला."

"अहो, आमच्या साहेबांना बावीस मिळाले तर ते सगळ्यांना केक देतात. तोंड का पाडलंय तुम्ही?"

मामोयोला वाटलं पोरगी मन राखतेय. "शंभरातले अठ्ठावीस म्हणजे नापासच ना?"

"हे मार्क नाहीत, मामोयो. ही हजेरी आहे. आणि तीसुद्धा खिडकीबाहेरून घेतलेली." सिखुलिलेने खुर्ची जवळ ओढली. "पत्रात एक चित्र लपवलेलं असतं, दिसणार नाही इतकं बारीक. ते समोरच्या फोनवर उमटलं की इकडे 'उघडलं' अशी नोंद होते. आता आपली माणसं डेटा वाचवायला चित्रं बंद ठेवतात. त्यांनी पत्र पाठ केलं तरी ती गैरहजर. उलट काही फोन मालक झोपलेला असताना स्वतःच पत्र उघडून ठेवतात. तो वाचो न वाचो, हजर."

"म्हणजे वर्गात पेंगणारा हजर, आणि दाराआड उभा राहून ऐकणारा गैरहजर?"

"बरोब्बर. म्हणून आकडा सोडा, उत्तरं किती आली ते बघा. पत्रातल्या कुठल्या लिंकवर कुणी बोट दाबलं ते बघा." मग तिने विचारलं, "बाबांना कळतं का हे? त्यांना काय सांगता?"

मामोयोने मान खाली घातली. "एक्याण्णव सांगते. परवा ब्याण्णव सांगितले."

सिखुलिलेने तोंडावर हात धरला, पण हसू काही थांबेना. "एक्याण्णव! अहो, जगात कुणाला मिळत नाहीत एवढे! थांबा." तिने जुने रिपोर्ट काढले, एल्फसच्या काळातले. एकतीस, पस्तीस, तेहेतीस. एका नाताळात एकदाच चाळीस. "बाबांना स्वतःला कधी अर्धेसुद्धा मिळाले नव्हते. त्यांना तुमची थाप पहिल्याच दिवशी कळली असणार."

मामोयोला ती सगळी 'येबो' आठवली. चहाचा कप, टेबलावरचा डावा हात, आणि नवऱ्याची ती शहाण्या पोरासारखी हललेली मान. तिने डोळे टिपले आणि चष्मा उगाचच पुसला.

"आणि हे खालचं लाल काय?" तिने विचारलं, विषय बदलावा म्हणून.

"ही न पोचता परत आलेली. काहींची पेटी भरलेली असते, ती नंतर पोचतात. काहींचा पत्ताच बंद झालेला असतो. मग कॉम्प्युटर त्यांना पाठवायचंच सोडून देतो. ही बघा नावं."

तिसरं नाव न्दाबेझिन्हले त्शुमा होतं.

"हा पत्ता जूनमध्येच बंद झालाय," सिखुलिले म्हणाली. "कंपनीने दिलेला दिसतो. तुमच्या हातचं एकही पत्र यांना गेलेलं नाही."

मामोयो खुर्चीतून अर्धी उठली. "बंद झाला म्हणजे... माणूस...?"

"माणसाचं मला कसं कळेल? नोकरी सुटली असेल, डेपोच विकला गेला असेल. रिपोर्टला एवढंच दिसतं की दार बंद आहे. आत कुणी आहे की नाही, ते नाही दिसत."

घरी येऊन तिने लॅपटॉप एल्फससमोर ठेवला. खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांसमोर बसली, म्हणजे पळता येऊ नये. "सिबोचे बाबा, परवा अठ्ठावीस होते. त्याआधी चौतीस. एक्याण्णव कधीच नव्हते. तुम्हाला ठाऊक होतं?"

एल्फसच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. "येबो."

"आणि मला मूर्खासारखं बोलू दिलंत?"

"येबो, येबो," तो म्हणाला, आणि तिच्या हातावर हात ठेवला.

मग तिने न्दाबेचं सांगितलं. पत्ता बंद, जूनपासून एकही पत्र नाही, त्याला तुमच्या आजाराचा पत्ताच नसेल. एल्फसने लाल ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. इतके महिने तो समजत होता की दोस्ताने साधी विचारपूसही केली नाही.

फोन लावून पाहिला, तो नंबरही गेलेला. लेस्टरमध्ये त्याचं दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं.

"पत्रात विचारते," मामोयो म्हणाली. "पण मग खरं सगळंच लिहावं लागेल. तुमचं आजारपण, आणि लिहिणारी मी. चालेल?"

हे सोपं नव्हतं. एल्फस चर्चच्या पायरीवरसुद्धा कुणाला हात धरू द्यायचा नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला. समोरच्या घरचं कुत्रं फाटकाशी येऊन गेलं, पाव विकणारा हाका मारत गेला. मामोयो थांबली. वर्गात प्रश्न विचारून थांबायची तिला सवय होती.

"येबो," शेवटी तो म्हणाला. ह्या वेळी तिच्याकडे बघून.

त्या शुक्रवारी तिने नळाच्या पाण्याबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'मी मामोयो. जूनपासून हे पत्र मी लिहिते आहे, कारण माझ्या नवऱ्याचे शब्द आजारपणात हरवले आहेत. त्याला सगळं कळतं, थट्टाही कळते. तुम्हाला फसवलं, माफ करा. आता एक काम करा. न्दाबेझिन्हले त्शुमा कुठे आहे ते शोधा. एल्फस त्याच्या शिवीची वाट बघतो आहे.'

शनिवार उजाडायच्या आतच उत्तरं धडकायला लागली. कुणाला आकडा बघायची आठवणही झाली नाही. पर्थच्या एका बाईने लिहिलं, 'आम्हाला जुलैतच कळलं होतं, मामोयो. एल्फस माभेना आयुष्यात कधी खिडकीच्या पडद्यांवर अख्खा परिच्छेद लिहील का? पण तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, म्हणून गप्प बसलो. पडदे आवडले.' जोहान्सबर्गच्या एका ड्रायव्हरने लिहिलं की तो चित्रं बंद ठेवून प्रत्येक पत्र वाचतो आणि दुपारी गाडीत सगळ्यांना वाचून दाखवतो. मामोयो वाचत गेली आणि एल्फस ऐकत गेला. मग ब्रॅडफर्डच्या एका नर्सचं उत्तर आलं: न्दाबे रिटायर झाला, मुलीकडे राहायला गेला, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नंबर मिळवते.

नंबर मिळवायची गरज पडली नाही. रविवारी चर्चहून येऊन मामोयो इसित्शवालासाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीसाठी, पाणी चुलीवर ठेवत होती, तेव्हा फोन वाजला.

"मामोयो! तो म्हातारा बोकड जिवंत आहे का?"

तिने भिंतीला हात टेकला. "आहे हो, भावोजी. इथंच बसलाय."

"तीन महिने माझं नाव यादीतून काढून बसला! मी म्हटलं, चर्चच्या छपराची थट्टा केली म्हणून रुसला. म्हटलं रुसू दे, मी पण त्शुमा आहे. ऑफिसचा पत्ता ऑफिसाबरोबर जातो हे मला मेल्याला सुचलंच नाही. आज कुणीतरी पोरीला तुमचं पत्र पाठवलं, तिने वाचून दाखवलं, आणि..." पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "द्या त्याला फोन."

मामोयोने फोनचा आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

"एल्फस? ऐकतोयस? अरे, बोलता येत नाही म्हणे तुला. बरं झालं. पन्नास वर्षं मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आता बस ऐकत. ते छप्पर अजूनही माकडाच्या ढुंगणासारखंच दिसतं, समजलं? आणि ते रंगवायची अक्कल तुझीच होती!"

एल्फसचे ओठ हलले. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या, डावा हात टेबलाची कड घट्ट धरून राहिला. मामोयो पुढे धावली, तिला वाटलं पुन्हा झटका आला.

"गाढवा!" एल्फस म्हणाला. स्वच्छ, खणखणीत. "गाढवा! गप्प बस!"

मग फोनमधून हसू आलं, आणि ते हसू मध्येच रडू झालं. एल्फस स्वतःच्याच आवाजाने दचकला होता. त्याने मामोयोकडे बघितलं. तिसरीच्या वर्गात हा शब्द उच्चारणाऱ्याला ती कोपऱ्यात उभं करायची. आता तिने हाताने नुसतंच तोंड झाकलं आणि मान हलवून त्याला सांगितलं, बोला, अजून बोला.

दुसरा नवा शब्द त्या दिवशी आला नाही. तरी गप्पा चालूच राहिल्या. न्दाबे ऑपरेशनचं सांगत होता, जावयाच्या स्वयंपाकाचं, डिसेंबरात यायला तिकीट काढतो त्याचं, आणि एल्फस जिथं हवं तिथं येबो आणि जिथं हवं तिथं हात्शी म्हणत होता. अधूनमधून नुसतं "गाढवा" म्हणून मनापासून हसत होता. मामोयोने त्याच्या कोपराशी चहा ठेवला आणि ती चुलीकडे परत गेली. पाणी आटून गेलं होतं. तिने भांडं पुन्हा भरलं.