पानामागचा आकडा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली बघा. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, कोपऱ्यात पाण्याची बादली, आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगणारी एक आई. चपला काढायचंही त्राण तिच्यात नाही. शेजारी तिची दहा वर्षांची लेक.

आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. दिवसभर चादरी धुवायच्या, दाबायच्या, घड्या घालायच्या. लहानपणी सुटलेलं शिक्षण ती आता घरबसल्या, दूरशिक्षणातून पुरं करत होती. पहिल्याच वर्षाचे स्वाध्याय दोनदा राहून गेले होते. या खेपेला राहिले तर नावच कमी होणार होतं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने बावीस पानांचे फोटो काढून अभ्यासकेंद्राला पाठवले. चार वाजता, ती घरी येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच, केंद्रातल्या कारकुनांचा फोन आला.

"ताई, ही उत्तरं आहेत की पिसलेले पत्ते? शेवट आधी, सुरुवात मधेच!"

"पंख्याने पानं उडाली हो. सुट्टी संपल्याचा भोंगा व्हायला आला होता, हाताला लागतील तसे फोटो काढले. म्हटलं, आकडे घातलेत, तुम्ही लावून घ्याल."

"कुठले आकडे? एकाही पानावर नाहीत. पाचच्या आत प्रत्येक पानावर आकडा घालून पुन्हा पाठवा. पाचनंतर संगणक माझ्या बापाचंही ऐकत नाही."

लेकीने पानं उलटली आणि कपाळावर हात मारला. आकडे होते. प्रत्येक पानाच्या कोऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, बारीक. धोबीखान्यात चादरीचा नंबर असाच घालतात, उलट्या बाजूला, वर दिसू नये म्हणून. नऊ वर्षं आईच्या हाताला तीच सवय.

"आई, ही काय चादर आहे?"

"हाताला काय कळतंय गं," आई म्हणाली. हसू अर्ध्यावरच विरलं. "जाऊ दे. कमी होऊ दे नाव. निदान झोप तरी मिळेल."

"मी घालू आकडे?"

"नको. सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं, असं त्यांनी बजावलंय. आणि तुझे आकडे म्हणजे मुंग्यांची वरात."

एवढं बोलून आईने पुन्हा डोळे मिटले. घड्याळात सव्वाचार झाले होते.

लेकीने आईच्या पायांतल्या चपला काढल्या. पाठीवरचे आकडे बघत बावीस पानं जमिनीवर ओळीने मांडली. पाटीवर पहिलं पान ठेवून पाटी आईच्या मांडीवर टेकवली, आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बोटांत दिलं.

"तू डोळे अर्धेच उघड," ती म्हणाली, "आकडा तेवढा घाल. पानं मी सरकवते."

आणि दुसरं पान हातात धरून ती वाट बघत राहिली.