मोडण्यासाठी केलेलं स्टूल

धाकटीने पुठ्ठ्याचं स्टूल केलं आणि ते पहिल्या फटक्यात जमलं, इथेच घोटाळा झाला. बाबा त्यावर बसून बूट घालू लागले, आई त्यावर चढून माळ्यावरचे डबे काढू लागली. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओत मांडायला तिच्याकडे याहून चांगली वस्तू नव्हती, आणि तिला त्या कॉलेजखेरीज दुसरं काही नको होतं.

प्रवेशाच्या तयारीसाठी लावलेल्या क्लासचे सर मात्र स्टूल बघून काळजीत पडले. परीक्षकांना वस्तू नको असते, प्रक्रिया हवी असते, असं त्यांचं म्हणणं. आधी मोडका नमुना, मग चिंतन, मग यश. क्लासमधली मुलं कच्ची रेखाटनं सगळ्यात शेवटी काढत आणि ती जुनी दिसावीत म्हणून त्यांवर चहा सांडत.

"पोरी, तुझ्याकडे अपयशच नाही," सर म्हणाले. "तयार कर."

अपयश तयार करणं म्हणजे काही खायचं काम नाही. तिच्या हाताला चांगलं वळण लागलेलं, मुद्दाम बिघडवायचं म्हटलं तरी बिघडेना. शेवटी तिने दुसऱ्या स्टुलाच्या खाचा सैल कापल्या, गोंदाचा थेंबही लावला नाही, आणि ते मोडायला मामाला बोलावलं. ज्या वजनावरून घरात उठता बसता टोमणे ऐकले, त्याला आज मान मिळतोय म्हटल्यावर मामा हरखला. तिने कॅमेरा लावेपर्यंतही त्याला धीर निघाला नाही. तो दाणकन बसला, पण चांगल्या स्टुलावर.

स्टूल मोडून आडवं झालं आणि मामाही. तिला रडूच कोसळलं. मामा ओशाळून उठला आणि बिचारा दुसऱ्यावर टेकला. ते कुरकुरलं, जरासं हललं आणि उभं राहिलं.

तिने डोळे पुसून दोन्ही स्टुलं उलटीपालटी करून पाहिली. गोंदाचे सांधे ताठ होते म्हणून तडकले होते; सैल सांधे भार येताच सरकून एकमेकांत घट्ट बसले होते. तिने हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी मामाला वगळून 'सखोल अभ्यासांती गोंद टाळला' असं लिहायला लावलं आणि दोन्ही स्टुलांचे चारी बाजूंनी फोटो घ्यायला सांगितले.

मुलाखतीला ती दुसरं स्टूल घेऊन गेली. परीक्षक बाई सकाळपासून चहाचे डाग बघून विटल्या होत्या. गोंद न लावण्याचं कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं. पाठ केलेलं उत्तर तिच्या जिभेवर येईना.

"सुचलं नाही. ते मोडावं म्हणूनच केलं होतं."

मग तिने मामासकट सगळं सांगून टाकलं. आता प्रवेशावर पाणी सोडायचं, हे तिने मनात धरलंच होतं. बाई उठल्या, त्या स्टुलावर बसल्या, थोड्या डुलल्या आणि बसल्या बसल्याच त्यांनी तिच्या अर्जावर 'प्रवेश द्यावा' असं लिहिलं.

"हे सगळं पोर्टफोलिओत का नाही घातलंस?" त्यांनी विचारलं.

"सर म्हणाले, खरं वाटणार नाही."