पंपहाऊसचा नळ

घरात तिला सगळे ढब्बू म्हणत. लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून. आता ती चांगली वाळली होती, गळ्याची हाडं वर आली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. आठवडाभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि सुट्टीच्या दिवशी दादाची सायकल घेऊन बाहेर पडायची.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सायकल शर्यती मारणारा. गावाबाहेरच्या टेकडीच्या चढावर त्याच्या वेळेच्या जवळपासही कुणी अजून पोचलं नव्हतं. पण त्याच टेकडीच्या उतारावर एका टेम्पोने त्याला उडवलं, कंबरेचा चुरा झाला, आणि तेव्हापासून तो वॉकर शेजारी ठेवून खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असे. ढब्बूने सायकल मागितली तेव्हा आईला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. पण तो म्हणाला, "घे. शिकवीन मात्र मी. माझ्या शब्दाबाहेर जायचं नाही."

त्याने शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. श्वास कसा राखायचा, वळणावर अंग कसं टाकायचं, सगळं. ती पडायची, रडायची, तोपर्यंत तो खूश होता. ती वेग धरायला लागली तसा त्याचा आवाज खरखरीत होत गेला. "म्हशीसारखी काय रेटतेस?" असं तो पाहुण्यांसमोरही म्हणायचा. आई हसण्यावारी न्यायची.

ढब्बूने नाव दिलेली सायकल शर्यत महिन्यावर आली तेव्हा दादाने फर्मान काढलं. "उद्या एकटी जा. पूर्ण रस्ता, शेवटी चढ. आणि भर दुपारी. शर्यतीत तुला कोण छत्री धरणार आहे?"

"दादा, रस्ताभर एक झाड नाही."

"म्हणूनच. बाटल्या दोनच ने, उगाच ओझं वाहू नकोस. चढाच्या पायथ्याशी पंपहाऊस आहे. तिथल्या नळावर भरून घे. गार पाणी असतं."

आई शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकदा मान वर केली, काही बोलणार असं वाटलं, आणि मग टॉवेलच्या कडा जुळवत बसली.

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं ओतत होतं. डांबर मऊ पडलं होतं, टायर चिकटून सुटल्याचा आवाज येत होता. वाटेत खिशातला फोन तापून बंद पडला. घरी दादा त्याच्या फोनच्या नकाशावर तिचा ठिपका बघत बसला असणार, तो आता दिसेनासा झाला असेल, या विचाराने तिला उलट बरंच वाटलं. पाणी तिने हात राखून प्यायलं नाही. नळ होताच पुढे.

पंपहाऊसच्या फाटकाला साखळी होती. कुलूप गंजून एकजीव झालेलं. ती भिंतीवरून आत उतरली, गुडघा सोलवटला. नळ होता, पण त्याची चावी फिरवली तेव्हा आतून एक कोळी बाहेर आला, बाकी काही नाही.

मागे फिरावं तर आलेलं सगळं अंतर पुन्हा. चढाच्या माथ्यावर वस्ती आहे हे तिला ठाऊक होतं. ती चढू लागली. पहिल्या वळणानंतर घाम यायचा थांबला आणि चक्क थंडी वाजायला लागली. दुसऱ्या वळणाला ती सायकलवरून उतरली आणि ढकलत निघाली. एक गाडी आली. तिने हात केला. गाडी हळू झाली, मागच्या काचेतून कुणीतरी तिचा फोटो काढला आणि गाडी निघून गेली. मग पायात गोळे आले, ती कडेच्या खडीवर बसली, आणि बसल्या जागीच आडवी झाली.

खडीच्या ट्रकवाल्याने तिला उचललं, इतकं तिला नंतर सांगण्यात आलं. दवाखान्यात लघवी काळी झाली होती. मूत्रपिंडाला झळ बसली होती. "शर्यत वगैरे आता विसरा," डॉक्टर म्हणाले. "जीव राहिला यातच समाधान माना."

भेटायला सायकलवाला मिस्त्री आला. तो दादाचा जुना दोस्त. बिचारा कळवळून म्हणाला, "अगं, त्या पंपहाऊसच्या भरवशावर कशी गेलीस? ते बंद पडलंय. तू जायच्या आधीच मी तुमच्या घरी बोललो होतो. दादाला म्हटलं, पोरीला सांगून ठेव. काकूही होत्या की तिथे."

तो गेल्यावर ढब्बूने आईकडे पाहिलं. आईने उशीचा अभ्रा सारखा केला.

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, अर्ध्या वाटेतून परत येशील." आईचा आवाज अगदी साधा होता. "एकदा हरून आली असतीस तर त्याला जरा बरं वाटलं असतं. तुला काय, तुझं अख्खं आयुष्य पडलंय पुढे. त्याच्याकडे काय उरलंय?"

ढब्बूने भिंतीकडे कूस वळवली. मग तिला घरी सोडलं. दादाने माफी मागितली नाही. पण त्याला एक गोष्ट चैन पडू देत नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी त्याने ती विचारलीच.

"चढ किती चढलीस?"

"पूर्ण."

"थापा मारू नकोस. ट्रकवाल्याला तू रस्त्यावर सापडलीस."

"उतरताना. वर जाऊन आले, मग पडले." ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. "वेळही मोजला मी. तुझ्यापेक्षा कमी लागला, दादा. बराच कमी."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "फोन बंद होता."

"हातातलं घड्याळ चालू होतं."

"दाखव."

"दवाखान्यात काढलं, ते गेलं कुठेतरी."

"खोटं बोलतेस तू! शपथ घे."

आई दारात येऊन उभी राहिली होती. ढब्बू उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. नीट, पंजा पसरून.

"आईची शपथ," ती म्हणाली. "एकदाही पाय न टेकता वर गेले. पाण्याच्या थेंबाशिवाय."

आई तिच्याकडे बघत राहिली. खरं की खोटं, ते डोळ्यांत शोधत राहिली. हात झटकायची तिची हिंमत झाली नाही. दादाने मान भिंतीकडे वळवली. त्याचे खांदे हलत होते आणि तो तोंडावर मूठ दाबून आवाज आवरत होता.

ढब्बू खोलीत गेली, दार लावलं आणि अंथरुणावर पडली. बाहेर आई आधी त्याच्याशी बोलली, मग तिच्या दाराशी येऊन हाका मारू लागली. पहिल्या दोन हाका ढब्बूने ऐकल्या. नंतर तिला गाढ झोप लागली.