कोरकुतची शिपाईगिरी

कोरकुत सैन्यातून परत आला तेव्हा तुर्कस्तानातल्या योझगातच्या बसस्थानकावर ढोल-सनई वाजली. अहो, गेला होता किती, तर महिनाभर! बापाचं फर्निचरचं मोठं दुकान. सरकारात पैसे भरले की सक्तीची शिपाईगिरी महिन्याच्या कवायतीवर भागते, तशी यानं भागवली. जातानासुद्धा पोरांनी त्याला हवेत उडवून झेललं होतं, आईनं तळहातावर मेंदी लावली होती, का तर लेकरू देशावर ओवाळून टाकलं म्हणून. लेकरू गेलं, डावं-उजवं शिकलं आणि गालावर चरबी चढवून परत आलं.

तुंजाय समोरच्या चहाच्या दुकानातून हा तमाशा बघत होता. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. तुंजाय पावाच्या भट्टीवर कामाला. पैसे भरायची ऐपत कुठली? त्यानं पुरी मुदत काढली, तीही पूर्व सरहद्दीवरच्या बर्फात. तो परतला तेव्हा स्थानकावर एकटे वडील आले होते. बापलेकांनी पिशवीचा एकेक बंद धरला आणि चालत घर गाठलं.

संध्याकाळी कोरकुत चहाला आला तो छाती काढूनच.

"काय तुंजाय! आता आपण दोघं सारखे, बरं का."

"सारखे? ते कसे काय?"

"म्हणजे काय, दोघंही शिपाई! काय ती डाळ रे, काय तो पलंग! तुला काय सांगायचं म्हणा, तू तर भोगलंयस."

डोंबलाचा शिपाई, असं तुंजायच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात कोरकुतनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "तुमच्याकडे बर्फ म्हणे कमरेएवढा असायचा? सांग ना."

आल्यापासून हे कुणी म्हणजे कुणीच विचारलं नव्हतं. तुंजाय वेडाच, विरघळला. शेजारच्या पलंगावरच्या याकूबबद्दल बोलला. गस्तीवर असताना डोंगरावरून बर्फ कोसळला, तुंजायनं नुसत्या हातांनी उकरून याकूबला बाहेर काढलं, तर तो म्हणाला, "बूट ओला झाला रे माझा," आणि संपला. तुंजायनं हे आपल्या बापालाही सांगितलं नव्हतं.

कोरकुतनं मान डोलावली. "च्च, वाईट झालं. त्या डोंगराचं नाव काय म्हणालास? आणि तुमच्याकडे बंदूक कुठली होती?"

तुंजायनं नाव सांगितलं, बंदूकही सांगितली. मित्रानं आपलं ऐकून घेतलं या आनंदात तो घरी गेला.

पुढच्या रविवारी कोरकुतसाठी मुलगी मागायला जायचं होतं. मुलगी नेर्मिन, पलीकडच्या गावातल्या निवृत्त लष्करी हवालदार सबाहत्तिन यांची एकुलती एक. हवालदारांचा खाक्या साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता: ज्यानं सैन्य पाहिलं नाही त्याला मुलगी नाही. कोरकुतच्या आईनं तुंजायला बजावून बोलावलं. "तू जिवलग मित्र ना त्याचा? मग चल. चॉकलेटचं चांदीचं तबक तूच धर." म्हणजे हमाल हवा होता. तरी तुंजाय इस्त्रीचा सदरा घालून गेला.

कोरकुतच्या बापानं घसा खाकरून रीतीप्रमाणे शब्द टाकला, "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची लेक आमच्या लेकासाठी मागतो." नेर्मिन कॉफी घेऊन आली. नवऱ्या मुलाच्या कपात रिवाजाप्रमाणे मूठभर मीठ होतं. ते तोंड वाकडं न करता पिऊन दाखवायचं असतं. कोरकुतनं असं तोंड केलं, जणू विष पाजलं.

हवालदार हसले नाहीत. "शिपाईगिरी कुठं केलीस?"

"पूर्वेला, काका. बर्फात." आणि कोरकुत सुटला! डोंगराचं नाव घेतलं, बंदुकीचं घेतलं. बर्फ कोसळला तो यानंच उकरला म्हणे. याकूबनं याच्याच मांडीवर डोकं ठेवलं म्हणे, आणि म्हणाला काय, "माझ्या देशाला सलाम सांग!"

तुंजाय मनातल्या मनात ओरडला. निर्लज्जा! पैसे मोजून शिपाईगिरी घेतलीस ती घेतलीस, आता माझा मेलेला दोस्तही उचललास? त्यानं तबक घट्ट धरलं. शेजारी कोरकुतची आई डोळे पुसत होती. महिनाभर मुलाला घरून डबे पाठवणारी हीच ती बाई. बापही मान हलवत होता. सगळं घरच बेशरम.

हवालदारांचा आवाज मात्र हळू झाला. "मेलेल्या साथीदाराच्या आईकडे जावं लागतं, पोरा. ईदला तिचा हात चुंबून कपाळाला लावायचा, ही आपली रीत. गेला होतास?"

"म्हणजे काय, काका! परवाच्या ईदलाच गेलो. माउलीनं मला गच्च धरलं. म्हणाली, आता तूच माझा याकूब. रडली हो खूप. हा तुंजाय होता ना माझ्याबरोबर." आणि तुंजायच्या बरगडीत कोपर मारून हळूच म्हणाला, "हो म्हण की!"

हवालदार तुंजायकडे बघू लागले. दारात नेर्मिनही ट्रे धरून उभी होती. हो म्हटलं असतं तर ती पोर या थापाड्याच्या गळ्यात पडली असती आणि याकूब जन्मभर याच्या दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे मरत राहिला असता.

"याकूबला आई नव्हती, काका," तुंजाय म्हणाला. "तो तान्हा असतानाच गेली. थोरल्या बहिणीनं वाढवलं. दर ईदला मी तिचा हात कपाळाला लावायला जातो. एकटा जातो."

कोरकुत हसला. "अरे, मग बहिणीलाच मी आई म्हणालो! एवढं काय त्यात?"

हवालदार उठले. "नेर्मिन, पाहुण्यांचे कोट आण."

कोरकुतच्या आईनं तुंजायच्या हातातलं तबक हिसकून घेतलं आणि जाता जाता त्याला शाप दिला. तिच्यामागे तुंजायही निघाला, पण हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस. त्या पोरानं मरताना काय म्हटलं होतं, ते तू सांग मला."