विटेखालची वेल

उद्या सकाळी विकलेल्या घराची भिंत पाडणार होते आणि ताईच्या रोपवाटिकेत आईच्या वेलीची एकही काडी जगलेली नव्हती.

आई गेल्यापासून तीनदा तिनं काड्या नेल्या. चाळलेली माती, गोडं पाणी, सावली, नुसते लाड. तिन्ही वेळा काड्या काळ्या पडून कुजल्या. एरवी गिऱ्हाईकं समुद्रासमोर लावायला नाजूक परदेशी वेली न्यायची आणि पहिल्या खाऱ्या वाऱ्यात त्या करपल्या की शिव्या ताईला घालायची. अक्कल काही कुंडीत मिळत नाही!

ही वेल रानटी. कुणी न लावता भिंतीवर आलेली. मिठानं भिंतीचा गिलावा ढासळला, हिचं पान मात्र तुकतुकीत. संध्याकाळी बारीक पांढरी फुलं उमलली की आई हातातलं काम टाकून पायरीवर यायची. दिवसभरात बसायची ती तेवढीच.

"चल ना ताई," धाकटा भाऊ कुलपाची किल्ली खुळखुळवत म्हणाला. "घर विकायला सही केलीस, तेव्हा नाही आठवली वेल?"

"तुझ्या रडक्या तोंडाकडे बघून केली. गप बस."

भाऊ हसला. "अगदी आईसारखं म्हणालीस. वाटेत आलेल्या फुटव्यावर वीट ठेवायची आणि दरडावायची, 'बस इथं गप!' मला वाटायचं, पुढची वीट माझ्या डोक्यावर."

ताई जागीच थांबली. मग भिंतीच्या कडेनं वाळूत गुडघे टेकून तिनं पालापाचोळा उपसला. शेवाळलेली वीट लागली. उचलली. खाली वेलीच्या पेरातून पांढऱ्या मुळांचा झुपका खाऱ्या वाळूत घट्ट रुतला होता.

"मेले मी!" ती ओरडली. "तोडून नेत होते रे! फुटव्याला आधी आईच्या अंगावरच मुळं फुटू द्यायची असतात. रोज डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मी आंधळी!"

अंधारेपर्यंत दोघांनी विटा उचलल्या. मुळं धरलेला एकेक फुटवा ताईनं जुन्या वेलीपासून कापला आणि वाळूसकट पिशवीत भरला. शेवटची पिशवी भाऊ देईना.

"तुझ्या चौथ्या मजल्यावर काय करणार?"

"गॅलरीत खारा वारा येतो."

"आणि ती वीट कशाला घेतलीस काखेत?"

"वेल शेजाऱ्याकडे निघाली तर?" तो म्हणाला, आणि बाहीनं नाक पुसलं.

ताईच्या जिभेवर टोमणा आला होता. तिनं तो गिळला, त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि कुलूप स्वतः लावलं.